तांबडा काठ

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मांडीवर बसून ऐकावी, आणि मोठ्यांनी हातातलं काम जरा बाजूला ठेवून.

एका राज्याच्या अगदी टोकाला, उंच खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजा दूर होता. त्याच्यापर्यंत गावाचा शेतसारा पोचायचा, गावाची थंडी पोचायची नाही. पौषात खिंडीतून वारा सुटला, की रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा आणि गुरं एकमेकांना चिकटून उभी राहायची.

वरच्या आळीत धान्याच्या कणग्या होत्या, जाड भिंतींची घरं होती. खालच्या वस्तीत गवत कापणारे, दगड फोडणारे, पाठीवर ओझी वाहणारे लोक राहायचे. त्यांच्या झोपड्यांना कुडाच्या भिंती होत्या. हिवाळ्यात जन्मलेलं मूल तिथे तगलं, तर सगळे म्हणायचे, सटवाईची कृपा. नाही तगलं, तर कुणी काही म्हणत नसे.

वरच्या आळीत सगुणा नावाची एक बाई होती. तिला एक मुलगी झाली होती, पण बारसं व्हायच्या आधीच ती गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. तिच्यासाठी शिवलेली झबली, टोपरी, दुपटी मात्र पेटीत घडी घालून तशीच राहिली. सगुणा कधी पेटी उघडायची, हात फिरवायची आणि परत लावून टाकायची.

एका हिवाळ्यात तिच्या दारावरून एक गवत कापणारी बाई चालली होती. डोक्यावर भारा होता आणि पोटाशी काहीतरी बांधलं होतं. सगुणाने नीट पाहिलं, तर ते तान्हं मूल होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, आणि उबेसाठी भोवती वाळलं गवत कोंबलेलं.

सगुणा आत गेली. तिने पेटी उघडली, आणि त्या दिवशी ती रिकामी करूनच लावली.

संध्याकाळी तिने हे आपल्या मैत्रिणीला सांगितलं. मंजुळा तिचं नाव. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या, आणि परक्या गावात पहिल्यांदा रडल्या त्याही एकमेकींजवळच. मंजुळेचा नवरा बैलांच्या पाठीवर मीठ लादून खिंडीपलीकडे न्यायचा. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मूल नव्हतं.

मंजुळा म्हणाली, "पेटी एकदाच रिकामी होते गं. पुढच्या लेकराला काय देशील?"

"शिवीन."

"एकटी?"

"तू आहेस की."

अशी सुरुवात झाली. गावाबाहेर सटवाईचं देऊळ होतं, त्याच्या ओवरीत दुपारी दोघी बसू लागल्या. मग शेजारणी आल्या. मग पाटलांच्या घरच्या कावेरीकाकू आल्या, आणि त्या आल्या म्हणून सगळ्याच आल्या.

तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला बोचते. म्हणून बायका घरोघरची जुनेरं आणायच्या. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली लुगडी आणि विरलेली धोतरं. त्यातून झबली निघायची, लंगोट निघायचे, चार थर एकावर एक घालून दुपटी निघायची. मेंढ्यांच्या वाड्यांवरून लोकर यायची. म्हाताऱ्या ती कातायच्या आणि दोन सुयांवर टोपरी, मोजे आणि डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणाऱ्या कुंच्या विणायच्या. हात चालायचे तशी तोंडंही चालायची.

"अगं, हे टोपरं बाळाला की भोपळ्याला?"

"तुझ्या नवऱ्याला होईल. डोकं तेवढंच आहे."

खालच्या वस्तीत मूल जन्मलं, की धुरपा सुईण ओवरीत येऊन सांगायची. बायका बोचकं बांधून द्यायच्या. पुढचे काही हिवाळे खालच्या वस्तीतली मुलं तगली. सगुणाला वाटायचं, आपली मुलगी गेली ती अगदीच वाया गेली नाही.

इथपर्यंत ही गोष्ट सुखाची आहे. इथेच ती संपली असती, तर मला फार बरं वाटलं असतं.

एका आठवडी बाजारात कावेरीकाकू गूळ घ्यायला गेल्या. गूळवाल्याने ढेप ज्या कापडात गुंडाळली होती, ते कापड काकूंनी ओळखलं. ओवरीतलंच दुपटं होतं ते. वस्तीतल्या कुणा दारुड्याने आपल्या लेकराच्या अंगावरून काढून विकलेलं.

काकू तशाच ओवरीत आल्या. गुळाने चिकट झालेलं दुपटं त्यांनी सगळ्यांच्या मधोमध टाकलं.

"घ्या! बोटांना भोकं पाडून घ्या अजून!"

बायका हळहळल्या. कुणी म्हणाली, आता द्यायचंच बंद करू या. सगुणाने पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, "बंद नको. आपण खूण करू. प्रत्येक कपड्याला तांबड्या दोऱ्याचा काठ घालू. दुहेरी टाक्याचा, ठसठशीत. मग बाजारात कुणी विकत घेणारच नाही. सगळ्यांना कळेल, हे सटवाईच्या ओवरीतलं आहे."

"हुशार आहेस गं सगुणे!" कावेरीकाकू म्हणाल्या.

मंजिष्ठेच्या मुळांत रंगवलेला तांबडा दोरा आला. सगुणानेच सगळ्यांना टाका शिकवला. तांबडा काठ आला आणि विक्री थांबली. सगुणाचं बरोबर ठरलं.

आणि आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी बोलून दाखवली नाही. नदीवर जाताना खालच्या वस्तीच्या कुंपणांवर तांबड्या काठाची झबली वाळत घातलेली दिसायची. बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "ते बघ, आपलं." सगुणाचीही छाती भरून यायची. त्यात वाईट ते काय, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण मुलं वाढतात. झबलं आखूड होतं, धाकट्याच्या अंगावर जातं, दुपट्याचा पुढे फडका होतो, पण काठ काही जात नाही. वरच्या आळीतली पोरं खालच्या पोरांना 'काठवाले' म्हणू लागली. विटीदांडूत डाव हरला, की ओरडायची, "चल रे काठवाल्या, मागून आण जा!" लग्न जमवताना बायका हळूच विचारू लागल्या, "मुलगी गुणाची आहे हो, पण काठातली का?"

होता होता कुंपणांवरचे कपडे दिसेनासे झाले. वस्तीतल्या आया ते आत, चुलीवरच्या धुरात वाळवू लागल्या.

ओवरीत ही गोष्ट निघाली, तेव्हा कावेरीकाकू म्हणाल्या, "वापरतच नसतील. उपकाराची जाण असावी लागते, बाई."

मंजुळा सुईत दोरा ओवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी असते, तर मीही आतच वाळवलं असतं."

सगळ्या हसल्या. मंजुळा नेहमी असं काहीतरी तिरकं बोलायची. सगुणाही हसली.

मग एका पावसाळ्यात मंजुळेच्या घरावर संकट आलं. बैलांना खुरकूत झाली आणि एकामागून एक सगळे बैल गेले. मिठाचा धंदा बसला. तिचा नवरा मानी होता. कुणापुढे हात न पसरता तो दगड फोडायला जाऊ लागला. आधी भांडी गेली, मग जाड कपडे गेले, मग वरच्या आळीतलं घर गेलं. दोघं खालच्या वस्तीत एका झोपडीत राहायला आली. मंजुळा ओवरीत यायची बंद झाली. सगुणा कधी भेटायला गेली, तर ती दारातच उभी राहून बोलायची. आत ये, असं म्हणायची नाही.

आणि त्याच वर्षी, इतका काळ वाट पाहून सोडून दिल्यावर, मंजुळेला दिवस गेले.

पौषाच्या ऐन थंडीत, बायका एकदा सकाळीच शिवायला बसल्या होत्या, तेव्हा धुरपा सुईण ओवरीत आली.

"मंजुळा सुटली. मुलगा हाय. पण लई लवकर आला बाई. सुपात मावंल एवढासा. घरात ऊब म्हणावी तर एक धड चिंधी न्हाई. काय द्यायचं ते आत्ता द्या."

सगुणाने स्वतःच्या हाताने बोचकं बांधलं. सगळ्यांत मऊ झबली, सगळ्यांत जाड दुपटं, लोकरीची कुंची. धुरपा ते घेऊन गेली आणि जेवणवेळ व्हायच्या आत परत आली. बोचकं तसंच हातात होतं.

"घेत न्हाई म्हणतीया."

"का?" सगुणाने विचारलं.

"म्हणाली, काठ नको."

मग कुणीतरी म्हणालं, "अगंबाई! इतकी वर्षं स्वतःच घालत होती की हा काठ!"

"दुसऱ्याच्या पोराला चालत होता वाटतं," दुसरी म्हणाली.

"घर गेलं, पण ताठा नाही गेला," कावेरीकाकू म्हणाल्या.

सगुणा उठली आणि थेट मंजुळेच्या झोपडीत गेली.

बाळंतीण एका कोपऱ्यात बसली होती. कुडातून वारा येत होता. समोर शेणकूट धुमसत होतं, त्यात धूरच जास्त होता. मूल तिने उघड्या छातीशी धरलं होतं आणि वरून स्वतःचा पदर गुंडाळला होता. मंजुळेने पदर जरा बाजूला केला. तळहाताएवढा चेहरा. ओठ निळसर.

"रडत का नाही गं?" सगुणाने विचारलं.

"रडायलाही ऊब लागते."

सगुणा खाली बसली. "मंजुळे, वेडेपणा करू नकोस. घे ते बोचकं. काठाचं काय एवढं?"

"तूच सांग, काय एवढं?" मंजुळा म्हणाली. "मी तुझ्या शेजारी बसून किती काठ घातले. मला वाटायचं, कापडावर घालतेय. इथे राहायला आले आणि बघितलं, कशावर घातले ते. परवा पाण्यावर एक पोरगी रडत होती, एवढीशी. तिला कुणी खेळायला घेईना. सटवाईसुद्धा लेकराच्या कपाळी लिहितेच की, सगुणे. पण कुणाला वाचता येणार नाही असं लिहिते. आपण सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहिलं."

सगुणाने धुमसत्या शेणकुटावर फुंकर घातली.

"आमचे हेही म्हणतात, माझ्या पोराला काठ नको. पण त्यांचं राहू दे. मी तुझ्याजवळ मागते. एक कुंची दे. बिनकाठाची. जुनी, फाटकी, कसलीही. तू आणि मी, तिसऱ्याला कळायला नको. देशील?"

"देईन," सगुणा म्हणाली. आणि लगेच पुढे म्हणाली, "काकूंच्या फक्त कानावर घालते. नियम माझाच आहे गं. मीच मोडला, तर उद्या वस्तीतल्या बाकीच्या काय म्हणतील? मैत्रिणीला एक आणि आम्हाला एक?"

मंजुळा तिच्याकडे बघत राहिली. "विचारू नकोस, सगुणे. एकदा विचारलंस, की काठ असला काय आणि नसला काय, सारखंच."

"बरं," सगुणा म्हणाली.

ती घरी आली. कोनाड्यात एक कुंची होती, पांढऱ्या लोकरीची, कालच विणून झालेली. काठ घालायचा राहिला होता, तेवढाच. तिने ती पदराखाली घेतली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. तीच कुंची घेऊन ती डावीकडे वळली असती, तर दुपार व्हायच्या आत ती बाळाच्या अंगावर असती.

पण ओट्यावरच तिचं पाऊल अडलं. सगुणा खोटी नव्हती, आणि तिची अडचण नेमकी तीच होती. आजवर तिने लपवून काही केलं नव्हतं. कुणी पाहिलं तर? ओवरीतल्या बायका म्हणतील, नियम सांगणारी हीच आणि पदराआडून देणारीही हीच. तिला वाटलं, एकदा सगळ्यांच्या संमतीने झालं, की मन स्वच्छ राहील. कुंची काय, संध्याकाळीही देता येईल.

आणि ती उजवीकडे, पाटलांच्या घराकडे वळली.

कावेरीकाकू वाईट नव्हत्या. ऐकून त्यांचेही डोळे भरून आले. "पण हे मी एकटीने कसं ठरवू?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बोलावू या."

सगळ्यांना बोलावलं. दुपारी ओवरी भरली. एक म्हणाली, द्या बापडीला, आपल्यातलीच आहे. दुसरी म्हणाली, आपल्यातली म्हणून द्यायचं, तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? तिसरी म्हणाली, आज एकीला बिनकाठाचं दिलं, तर उद्या सगळ्या मागतील, आणि परवा गूळवाला ढेप गुंडाळेल. जिला जिला बोलायचं होतं, ती ती बोलली. कुणाच्याही मनात कपट नव्हतं. ऊन ओवरीच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं आणि वारा वाढला. कुंची सगुणाच्या मांडीवर होती. तिला त्या लोकरीची ऊब लागत होती.

शेवटी सर्वांना पटेल असा मार्ग निघाला. काठ नाही घालायचा. पण कुंचीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, तांबड्या दोऱ्याचा एकच टाका घालायचा. म्हणजे तिचाही मान राहील आणि नियमही राहील. सगळ्यांना हायसं वाटलं. सगुणालाही वाटलं. तिने घरी जाऊन दिव्याच्या उजेडात तो टाका घातला. इतका बारीक, इतका नाजूक, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आता अंधार पडला होता. ती म्हणाली, सकाळी पहिली तिकडेच जाते.

पण चाळीस बायांच्या तोंडातली गोष्ट सकाळपर्यंत थांबत नाही. दिवेलागणीलाच मंजुळेचा नवरा फोडलेल्या खडीची रास लावून परतत होता, तेव्हा चावडीजवळ कुणीतरी त्याला हटकलं.

"काय रे, तुझ्या पोराच्या कुंचीवर आज सभा बसली म्हणे! काय ठरलं? काठ आत की बाहेर?"

बसलेले सगळे हसले. तो तसाच घरी गेला.

सकाळी सगुणा कुंची घेऊन गेली, तेव्हा झोपडीला बाहेरून कडी होती. शेजारची गवतवाली बाई दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत राग होता की कीव, ते सगुणाला कळेना.

"गेली दोघं. खिंडीपलीकडं, तिच्या माहेराला. उजाडायच्या आधी."

"अशा वाऱ्यात? ओली बाळंतीण? अगं, अजून पाचवीही पुजली नाही!"

"म्या पाय धरले तिचं. म्हणाली, माहेराला पोचले की जुनेरं तरी आईची असतील. पोराला पदरात गुंडाळलं, वरनं गोणपाट." मग ती बाई म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगणार नव्हता म्हणं."

सगुणा धावत सुटली. खिंडीची वाट चढणीची, दगडगोट्यांची. वारा समोरून येत होता आणि तोंडावर थपडा मारत होता. एका हाताने तिने कुंची छातीशी धरली होती. ती सटवाईला हाका मारत होती. म्हणत होती, माझं नेलंस ते नेलंस, हिचं ठेव.

अर्ध्या चढणीवर मेंढपाळांचा एक सोडलेला वाडा होता. दगडांचं नुसतं कुंपण, वर छप्पर नाही. त्याच्या आडोशाला दोघं दिसली. मंजुळेचा नवरा पाठमोरा बसून एका दगडाने जमीन उकरत होता. गोठलेली जमीन लवकर उकरत नव्हती. मंजुळा मांडी घालून बसली होती. पदर तसाच गुंडाळलेला होता.

सगुणाला सगळं कळलं. तरी तिने विचारलं, "कधी?"

"वाटेत," मंजुळा म्हणाली. "मला वाटलं, झोपलं."

सगुणा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने कुंची पुढे केली. "काठ नाही घातला," एवढंच ती म्हणाली. "बघ. नाही घातला."

मंजुळेने कुंची हातात घेतली. लोकर मऊ होती. शिवणारीचा हात शिवणावरून आपोआप फिरतो, तसा तिचा हात आतून फिरला, आणि एका जागी थांबला. तिने कुंची उलटी केली. पांढऱ्या लोकरीत तो एक तांबडा टाका दिसत होता, मुंगीएवढा.

"एवढासाच," मंजुळा म्हणाली. "पण घातलातच."

सगुणाने कुंची ओढून घेतली आणि दातांनी तो टाका तोडायला लागली. टाका पक्का होता, तिनेच घातलेला. तो तुटेना. ती रडत होती आणि दातांनी लोकर उसवत होती.

"राहू दे, सगुणे," मंजुळा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर सगुणाला बरं वाटलं असतं. "आता त्याला थंडी नाही वाजत."

बाळाला त्यांनी पदरातच ठेवलं. मंजुळेने लुगड्याचा तेवढा तुकडा फाडून दिला. खड्डा झाल्यावर वर दगड रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. मग नवरा-बायको उठली आणि खिंडीकडे चालू लागली. सगुणा उभी राहून बघत होती. वळणावर मंजुळा थांबेल, एकदा तरी मागे बघेल, असं तिला वाटलं. मंजुळा थांबली नाही. त्या गावात ती पुन्हा कधी आली नाही.

सगुणाने ओवरीत येऊन घडलं ते सांगितलं. बायका रडल्या. कावेरीकाकू म्हणाल्या, "आपण तर देणारच होतो गं. एवढ्या थंडीत तिला जायला कुणी सांगितलं होतं?" त्या दिवसापासून तांबडा दोरा ओवरीत आणायचा नाही, असं ठरलं. असलेल्या कपड्यांचे काठ बायकांनी बसून उसवून काढले.

पण आता फार उशीर झाला होता. मंजुळेच्या बाळाची गोष्ट वस्तीत घरोघर गेली होती. पुढचं मूल जन्मलं, तेव्हा धुरपा बोचकं घेऊन गेली आणि घेऊन परत आली. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच झालं. जिथे काठ होता, तिथे टाक्यांची बारीक भोकं राहिली होती. वस्तीतल्या आया कपडा उजेडात धरायच्या, भोकं बघायच्या आणि घडी घालून परत द्यायच्या. तो हिवाळा मोठा होता. खालच्या वस्तीत त्या हिवाळ्यात आणखी लेकरं गेली, आणि सटवाईच्या ओवरीत झबल्यांचा ढीग उंदरांनी कुरतडला. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. कावेरीकाकूंनीही यायचं सोडलं.

सगुणा एकटी राहिली. ती आता बोचकं बांधत नसे. वस्तीत मूल जन्मल्याचं कळलं, की ती एक जुनेर आणि सुई घेऊन जायची आणि अंगणाच्या कडेला उभी राहायची. "काही देत नाही," ती म्हणायची. "तू शिव, मी दोरा ओवून देते. कपडा तुझ्या हातचा." बहुतेक दारं लागायची. ती परत जायची. पुन्हा यायची.

असे कितीतरी हिवाळे गेले. तिचे केस पांढरे झाले, सुईचं नेढं दिसेनासं झालं. मग एका संध्याकाळी दगड फोडणाऱ्या एका तरुण बाळंतिणीने दार उघडं ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "पण बोलू नका काही."

सगुणा बसली. काही बोलली नाही. चाचपडत तिने सुईत दोरा ओवला आणि त्या मुलीच्या हातात दिला.

म्हणून सांगते, देताना आपली खूण मागे ठेवू नये. घेणाऱ्याला ती जन्मभर अंगावर वागवावी लागते.